भरली टाकी

दोरी ओढून ओढून सुकन्याच्या दंडाला गोळे आले, पण तण काढायचं, कोळपणीचं यंत्र काही बोलेना. जरा फुसफुसायचं आणि गप्प व्हायचं, रुसल्या लेकरासारखं.

पावसानं उघडीप दिली होती, माती कामाजोगी सुकली होती. श्रीमंतनाना सकाळीच अंगणात येऊन गेले होते. "सुकन्ये, वाफसा हाय तवर कपाशी मोकळी झाली पायजे. दुपारपातुर तुझी वाट बघतो, न्हाईतर खालच्या वस्तीवरचा छोटा ट्रॅक्टर सांगतो. मग वर्षभर त्योच येईल बघ."

ते वर्षभराचं काम सुकन्याला हवं होतं. यंत्राला गावात काम लागलं, तर औंदा ऊसतोडीला जायचं नाही, असं तिच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, कबूल केलं होतं. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. तिला पुन्हा कोयत्याचा अर्धा तुकडा व्हायचं नव्हतं.

तिनं प्लग काढला, यंत्राच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. म्हणजे आग होती. प्लग मात्र कोरडा ठणठणीत. पेट्रोलच पोचत नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं, तर आत काठोकाठ. तिला नवल वाटलं. तोडीला निघताना तिनं स्वतःच्या हातानं टाकी रिकामी केली होती. पाथर्डीच्या मिस्त्रीनं तसं बजावलंच होतं. तिनं नाक जवळ नेलं. पेट्रोलचा तिखट वास गेला होता, जुन्या रोगणाचा कुबट दर्प तेवढा उरला होता.

"आत्या, ह्यात पेट्रोल कुनी भरलं?"

दारात बाजरी पाखडणाऱ्या सासूनं, बायडाबाईंनी, मान वर केली. "मीच की. तोडीला जाताना रांजण भरला, कणगीत दाणं टाकलं, तेलाची बुधली भरली. ह्येच येक रिकामं दिसलं. रिकामं भांडं ठिवून घर सोडत्यात व्हय? शेजारच्या वाल्मिककडनं मागून आणलं न् भरलं."

सुकन्यानं आवाज चढू दिला नाही. "यंत्राचं उलटं असतं, आत्या. त्याला उपाशी निजवायचं. भरल्या पोटी निजलं, की आत पेट्रोलची चिकट खळ हुती."

सुपातली बाजरी थांबली. "म्हंजी मीच त्याचा गळा धरला म्हन की."

"तुमी न्हाई. त्या खळीनं."

बायडाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या आणि बाहेर पडल्या. रागावल्या, असं सुकन्याला वाटलं. पण मागं धावायला वेळ नव्हता.

तिनं टाकी ओतून टाकली. कार्बोरेटरची वाटी खोलली, तर तळाशी काकवीसारखा थर. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं सुईएवढं भोक पार बुजलेलं. वायरीतली तांब्याची एक नस काढून तिनं ते हलक्या हातानं टोकरलं, ताज्या पेट्रोलनं धुतलं, सायकलच्या पंपानं फुंकलं. दोरी ओढताच यंत्रानं सूर धरला, आणि चोकचा खटका मागं घेताच मान टाकली. पुन्हा सगळं खोललं. पहिल्याच्या आडोशाला एक त्याहून बारीक भोक होतं, ते राहिलं होतं. ऊन डोक्यावरून कललं, तेव्हा यंत्र खोकललं, शिंकलं, आणि धडधडायला लागलं.

ती यंत्र ढकलत नानांच्या रानाशी पोचली. बांधावर ट्रॅक्टर उभा होता. पण इंजिन बंद होतं, ड्रायव्हर बाभळीखाली बिडी ओढत होता. समोर कपाशीच्या पहिल्या ओळीत बायडाबाई खुरपं घेऊन बसल्या होत्या.

"तुझी सासू उठंना," नाना म्हणाले.

"ही वळ माझी, पात धरलीया मी," बायडाबाई खाली मान घालूनच बोलल्या. "धरली पात पुरी झाल्याबिगर दुसऱ्यानं रानात उतरू न्हाई. गावाची रीत हाय का न्हाई, नाना?"

"रीत हाय. पर ह्या चालीनं दिवाळी यील की, बायडाबाई."

"यीना का. मी कुटं चालले?"

ड्रायव्हर खुदकन हसला. नानांनी एकदा म्हातारीकडं पाहिलं, एकदा सुकन्याच्या काळ्या झालेल्या हातांकडं, आणि मग ट्रॅक्टरकडं वळून म्हणाले, "जा बाबा, तू घरी जा."

सुकन्या यंत्रासकट बांधावरून खाली उतरली. बायडाबाई आपल्या जागेवरून सरकल्या नाहीत. फक्त खुरप्याच्या टोकानं त्यांनी शेजारची पात दाखवली.

"ही तुझी."