तीन काठ्यांचा कातळ

मित्रांनो, मी सपाट मुलखातली एक जुनी काठी आहे. माझं अंग भरीव वेळूचं, पायात लोखंडी शेंबी आणि अंगावर हात-हातभर अंतरावर कोरलेल्या तीन खाचा. सोलापूरकडे उंच म्हणावं असं फारसं काही नाही. गच्चीवर उभं राहिलं की आभाळ थेट ज्वारीच्या रानाला जाऊन टेकलेलं दिसतं. तरीही आज मी तुम्हाला एका डोंगराची गोष्ट सांगणार आहे, कारण त्या डोंगरावर मला आयुष्यातलं सर्वांत अवघड काम करावं लागलं. ते काम म्हणजे जमिनीवर गप्प पडून राहणं.

मोहोळच्या बाजारात हिंदुरावांनी मला एका बुरुडाकडून निवडून घेतलं. मोहोळजवळच्या खेड्यात त्यांची शेती होती. बोटाच्या पेराने त्यांनी मला वाजवून पाहिलं, एक डोळा मिटून माझ्या अंगावरून नजर नेली आणि म्हणाले, "जरा वाकडी हाय, पण करू की सरळ." घरी त्यांनी मला चुलीच्या धगीवर शेकलं, पायाखाली दाबून सरळ केलं आणि कितीतरी दिवस करडईचं तेल पाजलं. लोहाराने शेंबी ठोकली. मग हिंदुरावांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात माझ्यावर ठेवला आणि विळ्याचं टोक तापवून एकेक खूण कोरली. चटका बसला. पण त्या दिवसापासून मी नुसती काठी राहिले नाही, मी माप झाले.

गवतात पाय टाकण्याआधी हिंदुराव मला जमिनीवर आपटत. सापाला तुमच्यासारखे बाहेर दिसणारे कान नसतात, पण जमिनीतून आलेला हादरा त्याला कळतो आणि तो आपल्या वाटेने निघून जातो. मी रोपांमधलं अंतर मोजलं, कडब्याच्या गंजीची उंची मोजली, हौदातलं पाणी मोजलं. माझा शब्द त्या शेतात शेवटचा असे.

हिंदुरावांची नात ऋतुजा तेव्हा गावातल्या शाळेत जायची. शाळा ओढ्यापलीकडे होती. एकदा ओढ्याला गढूळ पाणी आलं आणि ती काठावरच रडत उभी राहिली.

"आजोबा, मी बुडणार!"

"कशावरनं?"

"लई पाणी हाय!"

"लई म्हंजी किती?"

ते तिला सांगता येईना. हिंदुरावांनी मला ओढ्यात उभं केलं आणि बाहेर काढलं. मी पहिल्या खाचेच्याही खालीच ओली झाले होते. त्यांनी मला तिच्या पायाशी लावलं.

"बघ, तुज्या गुडघ्याएवढं. भ्यायला कुणाची ना न्हाय, पोरी. पण आदी मापायचं, मग भ्यायचं."

पुढे काही दिवसांनी मोठा पाऊस झाला. आता ऋतुजाच पुढे धावत होती. हिंदुरावांनी पुन्हा मला पाण्यात उभं केलं. या वेळी पाणी दुसऱ्या खाचेवर चढलं आणि त्याचा जोर मला मुळापासून हलवू लागला. हिंदुरावांनी नातीचा हात धरला आणि मागे वळले.

"आज शाळा न्हाय. आज भ्यायचं."

मित्रांनो, या दोन्ही दिवशी मी एकच काम केलं होतं. एका दिवशी ती पलीकडे गेली, दुसऱ्या दिवशी घरी परतली, आणि दोन्ही वेळा बरोबर होती. हे मला तेव्हा कळलं नाही, डोंगरावर कळलं.

नंतर ऋतुजाच्या वडिलांना सोलापुरात नोकरी लागली. बैल विकले गेले, शेत वाट्याने दिलं गेलं आणि आम्ही सगळे शहरातल्या 'जुळे सोलापूर' नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हिंदुरावांचे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांना ॲल्युमिनियमची नवी काठी आणली. तिला चार पाय होते. तिच्याशी मी काय बरोबरी करणार? माझी रवानगी न्हाणीघराच्या दाराआड झाली. छताजवळच्या दांड्यांवर कपडे वाळत घालायला ऋतुजाची आई, वैजयंती, मला वापरू लागली. ज्या टोकाने मी साप दूर केले, त्याच टोकावर आता ओले पायमोजे चढू लागले. शेंबी गंजली. खाचांमध्ये साबणाचा काळा थर बसला. त्या खाचा कशाच्या, हे कोणी विचारेना.

ऋतुजा मात्र मोठी झाली. रसायनशास्त्र शिकली आणि पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करू लागली. एके संध्याकाळी ती आजोबांशेजारी येऊन बसली. चेहरा उतरलेला होता. दार अर्धं उघडं असल्याने मला सगळं ऐकू येत होतं.

एका संस्थेने तिला नव्या कामासाठी निवडलं होतं. सह्याद्रीतल्या झऱ्यांचं पाणी जागेवर जाऊन गोळा करायचं आणि तपासायचं. झरा कुठून येतो, एखादा उन्हाळ्यातही का टिकतो आणि शेजारचाच का आटतो, हे प्रश्न तिला कॉलेजपासून पडत होते. पण त्यासाठी एकटीने डोंगर चढावे लागणार होते. उत्तर कळवायला एक आठवडा उरला होता आणि तिने नकार द्यायचं ठरवलं होतं.

"का गं? काम तर तुज्या मनाजोगतं हाय."

"कॉलेजच्या मुलांबरोबर कावळकड्यावर गेले होते ना, आजोबा, तेव्हा मधल्या कातळावर मी अडकले. हात सुटेना, पाय उचलेना. खालून सगळे ओरडायला लागले. एक म्हणतो डावा पाय टाक, दुसरी म्हणते उजवा. आमच्यातल्या त्या दिग्विजयने तर व्हिडिओच काढला. शेवटी धरून खाली उतरवलं मला. अजून ग्रुपवर मला कडक भाकरी म्हणतात."

"कडक भाकरी? ती का?"

"तशी ताठ झाले होते म्हणून."

हिंदुराव खो खो हसले. ऋतुजा रागावली आणि मग तिलाही हसू आवरेना.

"कातळ केवढा व्हता?"

"केवढा म्हणजे... चार मजली बिल्डिंग असेल."

"मापला व्हतास?"

हिंदुरावांनी न्हाणीघराकडे बोट केलं. "ती काठी आण हिकडं."

वैजयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आबा, तुम्हीच तिला भरीला घालताय होय? एकटी पोर डोंगरात जाणार म्हणजे काय!"

"आई, सगळे बरोबर असले की मला भीती कमी आणि लाज जास्त वाटते. लाजेने घाई होते आणि घाईत पाय चुकतो. एकटी असले तर घाई करायला कोणी नसेल."

वैजयंतीने हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पायथ्याशी कोणाला तरी सांगून वर जायचं. जमलं नाही तर मागे फिरायचं. आणि खाली उतरल्याबरोबर फोन." ती वळली आणि पुन्हा थांबली. "काठी नेणार म्हणजे मी कपडे कशाने घालू वाळत?"

"आमच्या चार पायाच्या काठीनं घाल की," हिंदुराव म्हणाले.

त्या रात्री माझ्या शेंबीवरचा गंज घासला गेला. खाचा काडीने कोरून साफ झाल्या. कितीतरी वर्षांनी मला करडईचं तेल मिळालं.

उत्तर कळवण्याआधी ऋतुजाला तोच कातळ मापून पाहायचा होता. कावळकड्याच्या पायथ्याच्या वाडीत आम्ही सकाळीच पोचलो. शेवटच्या घरासमोर बजाबाई नावाच्या आजीबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकलीच?"

"हो, एकटीच. सोलापूरहून आलेय."

"आगं बया! तितं तर डोंगरच न्हाय."

"म्हणूनच आले, आजी."

"बरं, उतरलीस की तोंड दाखवून जा. ऊन कललं आन् तू दिसली न्हाईस तर पोरं येतील वर बघाया."

चढ सुरू झाला. भीती मला डोळ्यांनी दिसत नाही, ती मला हातातून कळते. सुरुवातीला ऋतुजाची पकड सैल होती. निसरड्या मुरमाची वाट आली तशी ती घट्ट झाली. एका बाजूला दरी उघडली आणि तिच्या तळहाताचा घाम माझ्या वरच्या खाचेत उतरला. मी दरवेळी पुढे टेकत होते, जमीन पक्की आहे की नाही ते तिला कळवत होते, आणि मगच तिचा पाय पडत होता. दोनदा ती खाली बसली. पाणी प्यायली. कोणीही म्हटलं नाही, चल लवकर.

आणि मग तो कातळ आला.

ऋतुजा जागच्या जागी थांबली. ती मागे वळली, चार पावलं खाली उतरलीसुद्धा. मला वाटलं, संपलं. पुन्हा न्हाणीघराचं दार. पण ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "लई म्हंजी किती?"

तिने मला कातळाच्या पायाशी सरळ उभं केलं आणि स्वतः मागे गेली. एक डोळा मिटून, हात ताठ धरून तिने अंगठ्याच्या टोकावर माझी उंची घेतली आणि तेवढंच माप कातळावर वर वर सरकवत नेलं. एक. दोन. तीन. तिसऱ्यालाच कातळ संपला.

"तीन काठ्या?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तीनच. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंतसुद्धा तो पोचला नसता. जवळ जाऊन तिने कातळात हात-पाय ठेवायला कोरलेल्या खोबण्यांमधलं अंतर माझ्या खाचांना लावून पाहिलं. हातभर, कुठे त्याहून थोडं कमी. कातळ कोरडा होता, वारा पडलेला होता, ऊन अजून कोवळं होतं. शेजारची दरी मात्र खरी होती. मापल्याने ती काही लहान झाली नाही. पण आता ऋतुजाला नेमकं माहीत होतं की कशाला भ्यायचं आणि कशाला नाही.

तिने मला पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यात खोचलं आणि पहिल्या खोबणीत पाय ठेवला. माझं टोक वर कातळात अडकलं आणि तिला मागे ओढू लागलं. मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. तिला आधार द्यायला आलेली मी तिचा तोल घालवत होते. ती खाली उतरली. तिने मला पट्ट्यातून काढलं, दोन्ही हातांत धरलं. मला सोडायला ती तयार नव्हती, हे मला तिच्या पकडीतून कळत होतं. मग तिने मला करवंदीच्या जाळीखाली अलगद आडवं ठेवलं आणि रिकाम्या हातांनी कातळाला भिडली.

अर्ध्यावर ती थांबली. बहुधा गेल्या वेळचीच जागा असावी. या वेळी खाली ओरडायला कोणी नव्हतं आणि मला तर तोंडच नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग तिचा आवाज आला, शांत, प्रयोगशाळेत एखाद्या नव्या मुलीला समजावून सांगताना असावा तसा.

"वरची खोबणी हातभर अंतरावर आहे. मोजलीये. हात वर गेला की मिळणारच."

हात वर गेला. मिळाली. मग पाय. मग दुसरा हात. मग ती मला दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळाने डोंगरमाथ्यावरून एक आरोळी आली. असा आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता.

उतरणं चढण्याहून अवघड असतं, कारण पायाला खोबणी दिसत नाही. ती कातळाकडे तोंड करून, पायाने चाचपत, अगदी सावकाश खाली आली. जमिनीवर पाय टेकताच तिने सर्वांत आधी मला उचललं. तिच्या बोटांना खरचटलं होतं आणि ओठांना शेंगाचटणी लागलेली होती. "माथ्यावर बसून कडक भाकरी खाल्ली," तिने मला सांगितलं. "वर पाण्याचं टाकं आहे. त्याचं पाणीसुद्धा आणलंय तपासायला."

बजाबाईंना तोंड दाखवून तिने घरी फोन लावला. पलीकडून आधी वैजयंतीचा आवाज आला, "उतरलीस का? ते आधी सांग!" आणि मग हिंदुरावांचा.

"किती भरला?"

"तीन काठ्या, आजोबा. फक्त तीन."

"आन् भ्यालीस का न्हाय?"

"भ्याले की. मापून भ्याले."

त्याच आठवड्यात ऋतुजाने होकार कळवला. आता मी तिच्याबरोबर डोंगरोडोंगरी फिरते. झऱ्यांची खोली सांगते, ओढ्यांचा जोर सांगते. मागच्या महिन्यात एका ओढ्याचं पाणी माझ्या दुसऱ्या खाचेवर चढलं, तेव्हा ती हसत मागे फिरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. घरी वैजयंतीने कपड्यांसाठी प्लॅस्टिकची काठी घेतली आहे. ती वाकते म्हणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराआड एखादी जुनी काठी असेल. तिच्यावर खाच दिसली तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ही कशाची. तिला थोडं तेल लावा. आणि जिथे दोन्ही हातांची गरज पडेल तिथे तिला खुशाल खाली ठेवा. आम्हा काठ्यांना त्याचं वाईट वाटत नाही. फक्त उतरताना तीच वाट धरा. करवंदीच्या जाळीखाली आम्ही वाट पाहत असतो.