साठावा पेला

सात

"पाणी गरम नाहीये," यमुनाबाई म्हणाल्या.

"आहे."

"मग माझाच हात थंड असेल."

सुवार्ताबाईंनी सातवा पेला त्यांच्या फडक्यावर उपडा ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन झालं, भाकर आणि द्राक्षरस वाटून झाला, की चर्चच्या मागच्या खोलीत या दोघी पेले धुवायच्या. बोटाच्या दोन पेरांएवढे काचेचे पेले. एकूण साठ.

सुवार्ताबाई भिंगारदिवे एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे, सुया, चिमटे मोजायचे आणि मोठ्याने सांगायचं, मोजणी बरोबर. त्याशिवाय सर्जन टाका घालत नसे. निवृत्तीला आठ वर्षं झाली, पण मोजणं सुटलं नव्हतं. जिन्याच्या पायऱ्या, बसचे थांबे, ताटातल्या पोळ्या. पोळ्या दोन असायच्या, तरी मोजायच्या.

बारा

मंगळवारी त्यांचा भाऊ अभय गेला.

बुधवारी येरवड्याच्या दफनभूमीत त्या सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या, आपली पाळी आल्यावर मूठभर माती टाकली आणि कोणी काही बोलायच्या आत निघून आल्या.

एकोणीस

भोजनाआधी पाळक दर वेळी सांगतात, मनात कोणाविषयी अढी असेल तर आधी जाऊन समेट करा, मग या. लोक मान खाली घालतात, थोडं आठवल्यासारखं करतात आणि पेला उचलतात.

सुवार्ताबाई अकरा वर्षं उचलत नव्हत्या. तबक समोर आलं, की शेजारी सरकवायच्या. म्हणून साठातला एक भरलेलाच परत यायचा. आशीर्वाद दिलेला द्राक्षरस मोरीत ओतत नाहीत, अंगणातल्या डाळिंबाच्या मुळाशी ओततात. ते काम त्या दुसऱ्या कोणाला देत नसत.

"तुमच्या वाट्याचं पिऊन झाड बघा कसं माजलंय," यमुनाबाई एकदा म्हणाल्या होत्या.

सुवार्ताबाई त्या दिवशी हसल्या होत्या. तेव्हा अभय जिवंत होता, म्हणजे पेला कधीतरी उचलता येणार होता. आज सकाळी पाळकांनी तेच वाक्य म्हटलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की समेट करायला आता माणूसच उरलेला नाही. यापुढे दर महिन्याला झाड पिणार. मरेपर्यंत.

सत्तावीस

की अठ्ठावीस. चुकलं.

अकरा वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झालेला. ती सुवार्ताबाईंकडेच असायची. एकदा त्या लागोपाठ दोन ड्यूट्या करून आल्या, तर पलंग रिकामा. उशीवर चिठ्ठी होती, आईला येरवड्याला नेतोय, अभय. सहा आठवड्यांत आई गेली. मातीच्या वेळी सगळ्यांच्या देखत त्या भावाला म्हणाल्या, तू मारलंस तिला.

अभयने आवाज चढवला नाही. म्हणाला, "ताई, तू नर्स आहेस. पण लोकांची."

एक पेला जास्तीचा धुतला गेला. कुठला, ते कळलं नाही. त्यांनी फडक्यावरचे सगळे पुन्हा मोजले.

एक्केचाळीस

दारात ऋतुजा उभी होती, अभयची मुलगी. हातात हेल्मेट, चेहऱ्यावर स्कार्फचा वळ. यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तबक पुसून आणते म्हणाल्या आणि तबक तिथेच ठेवून बाहेर गेल्या.

वाघोलीहून यायला दीड तास लागला, चर्चची सर्व्हिस मिस झाली, असं काहीबाही ऋतुजा बोलत राहिली. सुवार्ताबाईंनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"आत्या, एक सांगायचं होतं. फोनवर नको वाटलं. पप्पा पण कम्युनियनचा पेला घेत नव्हते."

सुवार्ताबाईंचा हात पाण्यातच राहिला.

"कधीपासून?"

"आजी गेली तेव्हापासून. मम्मी चिडायची, लोक विचारतात म्हणून. ते म्हणायचे, ताईशी बोलल्याशिवाय कसा घेऊ?"

"मग आला का नाही?"

"दोनदा निघाले होते. स्वारगेटपर्यंत आले. घरी परत येऊन म्हणाले, फार गर्दी होती."

"स्वारगेटला गर्दी नसते कधी?"

ऋतुजा हसली. हसता हसता तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. सुवार्ताबाईंनी ओला हात पदराला पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

दोन चर्च. मध्ये एक बस. पेल्याला हात लावायचा नाही, एवढं दोघांनीही नेमानं पाळलं होतं. आधी जाऊन समेट करा, हेही त्याच वाक्यात होतं.

एकोणसाठ

धुतला.

साठ

तो भरलेला होता.

त्या तो घेऊन अंगणाच्या दाराकडे निघाल्या. पाय सवयीने निघाले. उंबऱ्याशी थांबल्या आणि मागे वळल्या.

पलीकडच्या खोलीत पाळक पांढरा झगा काढत होते. तरुण माणूस, या चर्चमध्ये येऊन दोनच वर्षं झालेली. एक बाही निघाली होती.

"अजून चालेल का?" त्यांनी विचारलं.

पाळकांनी पेल्याकडे पाहिलं.

"समेट झालेला नाही," सुवार्ताबाई म्हणाल्या. "माणूस गेला. मी गेले नाही, तोही पोचला नाही. हे सांगून ठेवते."

पाळकांनी लोंबती बाही हातात धरली.

"सूचना मी देतो, बाई," ते म्हणाले. "बोलावणं माझं नाही, प्रभूचं."

आणि त्यांनी काढलेली बाही परत घातली. बशीत भाकरीचा एक तुकडा उरला होता. सकाळी साठ जणांसाठी म्हटलेले शब्द त्यांनी एका बाईसाठी म्हटले, हळू आवाजात, एकही न गाळता. ऋतुजा दाराशी हेल्मेट छातीशी धरून उभी होती.

रस कोमट झाला होता. गोड होता. अकरा वर्षांत त्या चव विसरल्या होत्या.

मग त्यांनी पेला धुतला, पुसला आणि इतरांच्या शेजारी उपडा ठेवला. मोजणी बरोबर, असं म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटलं नाही.

*

ऋतुजा घरी सोडते म्हणाली. घरी जायचं नाही, त्या म्हणाल्या, अभयशी बोलायचं आहे, तेव्हा मी एकटीच जाते. डाळिंबाजवळून जाताना हात रिकामे होते. पाऊल तिथे जरासं अडखळलं.

स्वारगेटला फार गर्दी होती. पहिली बस त्यांनी सोडली. दुसरीत खिडकीशी जागा मिळाली. शेजारी कोणी बसलं नाही म्हणून त्यांनी तिथे पिशवी ठेवली.

"येरवडा," त्या कंडक्टरला म्हणाल्या.

त्याने पिशवीकडे पाहिलं. "दोन?"

"एकच."

बस निघाली. ऊन खिडकीतून मांडीवर आलं, गेलं, पुन्हा आलं. लोक चढत होते, उतरत होते. पूल लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हा कितवा थांबा ते आपल्याला माहीत नाही.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.