अठरा क्रोनरचं मर्टल

राजा आल्गोत स्वतः गाडी चालवत आला, तेव्हाच इंगेगेर्डने ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय. द्यायचं असतं तेव्हा तो सचिवाला पाठवतो.

हवं होतं मर्टल. या घराण्यातल्या प्रत्येक नवरीच्या डोक्यावर मर्टलच्या एकाच झुडपाच्या डहाळ्यांचा मुकुट चढतो. झुडूप पणजीने माहेरून आणलेलं. घरातली बिनलग्नाची बाई ते सांभाळते, आणि गेली एकेचाळीस वर्षं ती बाई म्हणजे इंगेगेर्ड. पद राजकन्येचं, काम माळिणीचं. आता आल्गोतची मुलगी सुन्निवा एका दंतवैद्याशी लग्न करत होती. संमती देताना राजाने टीव्हीवर डोळे पुसले होते. प्रेमापुढे मुकुटाचं काय मोठंसं, असंही म्हणाला होता.

एकेचाळीस वर्षांपूर्वी याच राजाने, गादीवर बसून वर्षही झालं नसताना, थोरल्या बहिणीला, म्हणजे इंगेगेर्डला, कळवलं होतं की फेरीबोटीचा कप्तान घराण्यात चालणार नाही. कळवलं तेही टाइप करून. कप्तान यालमार दोन वर्षं थांबला, मग एका शिक्षिकेशी लग्न करून मोकळा झाला. गेल्या शरदात तो वारला. इंगेगेर्डला ते वर्तमानपत्रातून समजलं.

ते पत्र आलं त्या हिवाळ्यात तिने झुडूप मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. पहिल्याच कडाक्यात ते काळं पडलं. वसंतात तिने स्टेशनसमोरच्या दुकानातून नवं आणलं, अठरा क्रोनरचं, यालमारच्याच बोटीतून. हे ऐकून तो इतका हसला की बोट धक्क्याला घासली. त्यानंतर चार नवऱ्या ते अठरा क्रोनर डोक्यावर मिरवून गेल्या, आणि दर वेळी इंगेगेर्डने पहिल्या बाकावर बसून मनातल्या मनात साखर वाटली.

तिने कॉफी ओतली.

"डहाळ्या देते. पण एकदा म्हण, माझं चुकलं."

आल्गोतने कॉफी ढवळली. मग कायद्यावर गेला, तेव्हाच्या पंतप्रधानांवर गेला, आईच्या तब्येतीवर गेला. शेवटी म्हणाला, काळच वेगळा होता.

"काळाचं सोड. तेव्हा मुलगी तुझी नव्हती, एवढंच."

त्याने वेलचीच्या बनचा तुकडा मोडला. "हे बघ इंगे, नसेल द्यायचं तर राहू दे. स्टेशनसमोर दुकान आहे ना, तिथलं आणू. कुणाला कळतंय?"

एकेचाळीस वर्षं जपलेला सूड त्याने बनबरोबर खाऊन टाकला, आणि चव कसली होती तेही त्याला समजलं नाही. आता सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, बरं केलंस.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुन्निवा कात्री घेऊन आली. लहानपणी हीच पोर झारी घेऊन झुडपाभोवती नाचायची. "आत्या, तूच काप. तुझा हात लागायला हवा." आत्याने हात लावला.

मेजवानीत राजाने पेला उंचावून घराण्याची मुळं जपणाऱ्या बहिणीचे आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंगेगेर्डला हसू आलं, पण ज्याच्याबरोबर हसायचं तो दोन बेटं पलीकडे मातीत होता. शेजारी नवऱ्यामुलाचा काका होता. त्याने अदबीने विचारलं, झुडूप खरंच इतकं जुनं आहे का?

"एकेचाळीस वर्षांचं."

"आणि अजून हिरवं?"

"हो ना," ती म्हणाली. "मरत नाही मेलं."