चेटकिणीचं वाक्य

फोन आला तेव्हा मी दुकानात एका सोफ्याला नवं कापड ठोकत होतो. बायको रेकॉर्डिंग करता करता माईकसमोर कोसळली होती. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर ती गेली होती. मेहुणी आमच्या घरी मुलीजवळ होती, तिला फोन करून बजावलं, "पोरीला तू सांगू नकोस. मी येऊन सांगतो."

मी दारात दिसताच मुलगी म्हणाली, "बाबा, आज लवकर? मालकांनी हाकललं का?" मग तोंडावर बोट ठेवून, "शू! आता आईचं वाक्य येणार."

टीव्हीवर काळं जंगल होतं. लहान मुलांच्या भीतीदायक कार्टून सिनेमांना माझी बायको आपल्या भाषेत आवाज द्यायची, बहुतेक चेटकिणीचाच. "घरी चेटकीण, कामावर चेटकीण, पगार मात्र एकाच ठिकाणी," म्हणायची.

या सिनेमात एक मुलगा आईला शोधत जंगलात शिरतो आणि चेटकीण त्याला खरं काय ते सांगते. त्या वाक्यावरून बायको रेकॉर्डिंगच्या साहेबांशी भांडली होती. लिहून आलं होतं, 'तुझी आई दूर गेली.' ती म्हणाली, "दूर गेली म्हटलं की पोरं वाट बघत बसतात. मेली म्हणू द्या मला." आणि म्हणालीच.

ते वाक्य आता येणार हे मला ठाऊक होतं. टीव्ही बंद करून मुलीला जवळ घेता आलं असतं. मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

"तुझी आई मेली, बाळा," बायको म्हणाली. "ती आता यायची नाही. रड हवं तेवढं. मी बसते इथे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आपली आई कधी येणार?"

"भाऊजी, बोला," मेहुणी हळूच म्हणाली.

"आई जरा दूर गेलीय," मी म्हणालो.

"रेकॉर्डिंगला?"

"हं."

"मग मला सांगून का नाही गेली?" ती फुरंगटून पुन्हा टीव्ही बघू लागली.

मेहुणी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "स्वतःला जमेना म्हणून ताईला बोलायला लावलंत? आणि वर तिलाच खोटं पाडलंत?"

मी नळ सोडून उगाच हात धूत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

अंत्यविधीला मुलीला नेलं नाही. तेव्हापासून ती दाराची आतली कडी लावू देत नाही. आई बाहेर अडकेल, म्हणते. मेहुणी रोज विचारते आणि मी रोज उद्यावर ढकलतो.

मुलीला मी अजून सांगितलेलं नाही.