तोंडातल्या टाचण्या

"बाबा, परत दचका."

"दचकून झालं की."

"माझा मोबाइल हलला. पूल कोसळतो तिथून लावते. चला, दचका."

"कोसळणार हे ठाऊक असताना माणूस दचकेल कसा, ठिणगे?" असं म्हणत बाबांनी डोळे असे काही विस्फारले, की जणू पायावर इस्त्री पडलीय.

दर रविवारी दुपारी आम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढायचो आणि छोट्या टीव्हीवर 'वादळवीर'चा नवा भाग लावायचो. बाबा मालिका बघायचे, मी बाबांचं तोंड शूट करून नेटवर टाकायचे. बाकीची पोरं अशा व्हिडिओत किंचाळतात, उशा फेकतात. माझे बाबा शिंपी. ते म्हणायचे, "ह्याचा झगा खांद्यात फसलाय. एक दिवस काखेत उसवणार बघ." नाहीतर, "एवढ्या राक्षसाला एवढीशी तलवार? म्हणजे सुईनं ताडपत्री कापायची!" लोकांना जाम आवडायचं. कुणीतरी लिहिलं होतं, 'मास्तरांनी वादळवीरचं माप घ्यावं.' ते मी बाबांना तीनदा वाचून दाखवलं, तिन्ही वेळा ते लाजले.

आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे छाती चाळीस, कंबर चौतीस. आई गेल्यावर मी नववीतून शाळा सोडली आणि तिच्या मशीनवर बसले, काजं-बटणं करायला. बापलेकीसारखं बोलायचो ते फक्त त्या रविवारच्या तासाभरात.

पण राग होता माझा बाबांवर. आई गेली तेव्हा ते रडले नाहीत. एक थेंब नाही. हॉस्पिटलातून आले ते थेट टेबलाशी बसले, आणि आठवडाभर तोंडात टाचण्या. शिंपी माणूस टाचण्या ओठांत धरतो आणि एकेक काढून कापडाला लावतो. टाचण्या तोंडात असल्या की बोलायचं नाही, हसायचं नाही, मोठा श्वास घ्यायचा नाही, हे बाबांनी मला सगळ्यात आधी शिकवलं होतं. भेटायला आलेली माणसं बोलत राहायची, हे नुसती मान हलवायचे. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "दगड आहे गं तुझा बाप."

मी म्हटलं, "दगडसुद्धा तापतो तरी."

सहाव्या भागात वादळवीरची बायको मेली. झगा तीच शिवून द्यायची त्याला. तो एकटा घरी येतो, झगा काढतो, तर कॉलरीत तिची सुई खोचलेली, दोरा तसाच ओवलेला. आता बाबा टाक्यात खोट काढणार म्हणून मी मोबाइल जवळ नेला.

बाबांचं तोंड वाकडं झालं. आधी मला वाटलं, ठसका लागला. मग नाक गळायला लागलं, खांदे गदगदायला लागले, गळ्यातली टेप घसरून खाली पडली. उचललीसुद्धा नाही.

"बंद कर," ते म्हणाले. "ठिणगे, हे टाकू नकोस गं."

"नाही टाकत."

संध्याकाळी टाकलं. टीव्हीतल्या बाईसाठी येतं होय रडू, असं डोक्यात भणभणत होतं. आणि इतका भारी व्हिडिओ आमच्याकडे आधी कधी झाला नव्हता. दोन्ही खरं आहे, खोटं कशाला सांगू.

दोन दिवसांत जगभर झालं. खाली सगळी हसणारी तोंडं. कुणीतरी बाबांच्या हुंदक्याला ढोलकी लावली. समोरचा सलूनवाला दारात येऊन म्हणाला, "मास्तर, काल कांदा चिरताना तुमची फार आठवण झाली!" बाबा हसल्यासारखं करून आत वळले.

शुक्रवारी एक गिऱ्हाईक दोस्तांना घेऊन पँटचं माप द्यायला आलं. बाबा गुडघ्यावर बसून त्याच्या पायाची लांबी घेत होते.

"मास्तर, एकदा रडा ना. फोटो काढतो."

"पाय सरळ ठेवा," बाबा म्हणाले.

"एकदाच हो! वादळवीरसाठी!"

इस्त्रीच्या पाण्याचा तांब्या मी त्याच्या छातीवर रिकामा केला. तो शिव्या देत मागे सरला. बाबांनी कोरडं फडकं आणलं आणि त्याचा शर्ट टिपत म्हणाले, "माफ करा, लहान आहे ती."

सगळे गेल्यावर मी मोबाइल काढला. "बाबा, पुसला तो व्हिडिओ. पण लोकांनी उतरवून घेतलाय. तो नाही पुसता येत."

"बरं."

"शिव्या तरी द्या ना मला!"

"निळ्या शर्टाची काजं राहिलीत का?" ते म्हणाले.

रविवारी शेवटचा भाग होता. मला वाटलं, बसणारच नाहीत. मी मोबाइल गल्ल्याच्या खणात टाकला, खण बंद केला आणि दोन्ही हात त्यांना उलटसुलट करून दाखवले. त्यांनी पाहिलं. मग शटर पार जमिनीपर्यंत ओढलं, टीव्ही लावला, टाचण्यांच्या उशीतून पाचसहा टाचण्या उपसून ओठांत धरल्या आणि खुर्चीत बसले.

शेवटी वादळवीर बायकोच्या थडग्याशी येतो. झगा अंगावरून काढायला हात वर करतो, आणि झगा टर्रकन काखेत फाटतो.

"गेली काख," मी हळूच म्हटलं. बाबांनी फक्त मान हलवली.

तो फाटका झगा थडग्यावर पांघरतो, कडा खाली नीट खोचतो. मी टीव्ही बघतच नव्हते. बाबांकडे बघत होते. ओठ पांढरे पडले होते, आणि टाचण्यांची बारकी डोकी थरथरत होती.

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कापड नव्हतं.

आई गेली त्या आठवड्यात तरी होतं का, ते मी आठवत बसले.