एकांतवासाचं वर्ष

तो चरित्रकार पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेला. दारात मी उभी, आणि हा माझ्या खांद्यावरून आत पुस्तकांच्या कपाटाकडे बघतोय. "सर आहेत का?" म्हणे. नसून जातात कुठे! गुडघे धरल्यापासून आमचे हे जिना उतरलेले नाहीत.

आमचे हे म्हणजे मोठे विचारवंत. जन्मभर लोकांना एकच सांगत आले, की कुणी कितीही मोठा असो, त्याच्या शब्दावर जाऊ नका, पुरावा मागा. त्यांच्या पहिल्या पुस्तकाने केवढा गदारोळ उठवला होता! ते पुस्तक लिहिलं कसं, याच्यावर चरित्रकाराचा डोळा होता. दर आठवड्याला यायचा, टेबलावर रेकॉर्डर ठेवायचा, आणि प्रश्न विचारण्याआधी यांच्याबद्दलचे स्वतःचेच जुने लेख यांना वाचून दाखवायचा. "संदर्भ ताजा राहतो, सर." मी चहा ठेवून निघून जायची. माझ्याशी त्याचं एवढंच बोलणं, "साखर कमी, काकू."

एकदा चहा घेऊन जाताना यांचा आवाज कानावर पडला. "ते वर्ष म्हणजे माझा एकांतवास. त्या खोलीत मी होतो, आणि चार भिंती."

भिंती? आणि मी कोण होते, खिडकी?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. एकच खोली. मी दिवसभर लोकांचे कपडे शिवायची, आणि हे मशीनच्या शेजारी येरझाऱ्या घालत आपला एकेक मुद्दा मला ऐकवायचे. मुद्दा पटला नाही की मी पायडल थांबवायची. मशीन थांबलं की हे कपाळाला हात लावायचे, भांडायचे, चिडून बाहेर जायचे, आणि परत येऊन लिहिलेलं खोडायचे. अख्खं पुस्तक असं झालं. आणि आता म्हणे भिंती!

आधी मला वाटलं, हे सगळं त्या चरित्रकाराचं कारस्थान. एकटा ऋषी खपतो, शिवणकाम करणारी बायको कोण विकत घेणार? पण शब्द तर यांच्या तोंडचे होते. मग माझ्या मनात पाल चुकचुकली ती यांच्याबद्दल. म्हातारपणी नाव झालं, आता मोठेपणात वाटेकरी नको झाला की काय? जेवताना सरळच विचारलं, "अहो, त्या खोलीत मी नव्हते का?"

"जुनं काय उकरत बसतेस," म्हणाले, आणि ताटात बघत राहिले.

हे काही माझ्या नवऱ्याचं उत्तर नव्हे. मिठावरूनसुद्धा तासभर वाद घालणारा माणूस हा. पण हल्ली मी काही म्हटलं की "हो हो, बरोबर." शिवणीचे टाके मोजावेत तसं मी यांचं बोलणं मोजायला लागले. खात्रीच पटली, की यांचं मन यांना खातंय. आणि एवढं करून ताकास तूर लागू देत नाहीत.

मग मीही ठरवलं, बघूच. चरित्रकार यायच्या दिवशी सकाळी यांना स्वेटर घालता घालता सहज म्हटलं, "आठवतं ना, शेवटचं प्रकरण तुम्ही त्या किनाऱ्यावरच्या दीपगृहात बसून लिहिलंत ते?" धादांत खोटं. आम्ही दीपगृह पाहिलं तेच मुळी मुलीच्या शाळेच्या सहलीत. म्हटलं, आता हे "काहीतरीच काय" म्हणतील, मी विचारेन, बाकीचं बरं आठवतं, मीच तेवढी नाही? आणि मग होऊ दे एकदाचं भांडण.

हे स्वेटरची बाही सारखी करत राहिले. दुपारी चरित्रकारासमोर बसले आणि म्हणाले, "शेवटचं प्रकरण मी दीपगृहात लिहिलं. उजेडाचा झोत समुद्रावरून फिरून परत यायचा, तेवढ्यात मी एक वाक्य पुरं करायचो."

चरित्रकाराचे डोळे चमकले. "वा, सर! हे आजवर कुठेच आलेलं नाही."

मी दाराआड उभी होते. पकडलं, म्हणून आधी आनंदच झाला मला, खोटं कशाला सांगू. आणि मग पायाखालची वाळू सरकली. ज्याला खोटंच बोलायचंय तो स्वतःचं खोटं रचेल की! माझं कशाला उसनं घेईल? यांच्याकडे त्या वर्षातलं काही उरलंच नव्हतं. चरित्रकार आपले लेख वाचून दाखवत होता आणि हे तेच त्याला परत देत होते. तो खूश, की सगळं जुळतंय. हेही खूश, की बिंग फुटत नाही. आणि मी शहाणी, इतके दिवस दोघांवर दात धरून होते.

मी गप्प बसले. बोलले असते तर यांचं झाकलेलं उघडं पडलं असतं.

पण चरित्रकार होता कामसू. पुढच्या खेपेला आला तो तोंड पाडूनच. चहाला हातही लावला नाही. "सर, ते दीपगृह मी जाऊन पाहिलं. ते बांधलंच तुमच्या पुस्तकानंतर." हे चष्मा पुसायला लागले. तो म्हणाला, "माफ करा, पण आता तुम्ही सांगितलेलं सगळंच मला संशयाने बघावं लागेल."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाले, "उद्या या."

तो गेल्यावर यांनी विचारलं, "दीपगृह तू सांगितलंस?"

"हो."

"का गं?"

"मला पुसून टाकलंत म्हणून!" माझा आवाज चिरकला. "चार भिंती आठवल्या, आणि मी नाही?"

"मला भिंतीही आठवत नाहीत." हे हळूच म्हणाले. "त्याने वाचलं की वाटायचं, असेल बुवा. तू सांगितलंस तेव्हाही वाटलं, असेल. बोलायचं नाही, एवढंच कळत होतं. कळलं तर लोक हसतील."

मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. खोली, मशीन, पायडल, बाहेर जाऊन परत येणं. हे लक्ष देऊन ऐकत होते, विद्यार्थ्यांचं ऐकायचे तसे. आणि मग विचारलं, "आणखी कोण होतं तिथे?"

"कोण असणार? आपण दोघंच!"

"म्हणजे एकाला आठवत नाही," ते म्हणाले, "आणि दुसरी या महिन्यात एकदा खोटं बोललीये."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. जन्मभराच्या संसाराचा हा हिशेब? पण कपाळ माझं! खोटं मीच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी चरित्रकार आला. हे ताठ बसले होते. "मला त्या वर्षातलं काहीही आठवत नाही," यांनी सांगून टाकलं. "मी सांगितलेलं सगळं खोडा. ही म्हणते, मी त्या खोलीत होते. तिला विचारा आणि लिहा. पण प्रत्येक वाक्याआधी 'पत्नी म्हणते' असं लिहायचं. पुरावा नाही."

चरित्रकार गोंधळला. "पण सर, काकूंवर तुमचा विश्वास आहे ना?"

हे विचारात पडले. आणि मी, एवढी केस पांढरे झालेली बाई, निकालाला उभी असल्यासारखी पदर मुठीत धरून बसले.

"विश्वास ठेवावा असं फार वाटतंय," हे म्हणाले. "म्हणूनच तसं लिहा."

मला रडू आलं, आणि रागही आला, आणि वाटलं, आहे, अजून आहे माझा माणूस यांच्यात. पदराने डोळे पुसले आणि चरित्रकाराला म्हटलं, घ्या लिहून. मी सांगत गेले, आणि हे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे कान देऊन ऐकत राहिले.