तीन बोटं फेस

भर दुपारी, शंभर माणसांच्या साक्षीने, नळाच्या पाण्याचा मधुमेह बरा झाला. पण तसं काही घडलंच नाही असं समजून आपण गुमान रांगेत उभे राहू.

रांग गोदामाबाहेर गेलेली. हातात आपापल्या लघवीची बाटली, चेहऱ्यावर बक्षीस समारंभाचा उत्साह. मधुमेह बरा करणारे फेसबाबा बाटली घ्यायचे, काचेच्या बरणीत उंचावरून ओतायचे आणि फेस बोटांनी मोजायचे.

“फेस म्हणजे साखरेचं पलायन! जितका फेस, तितकी साखर हद्दपार! गोळ्या बंद, माझी पुडी चालू!”

“तुमचा किती?” रांगेतल्या शिंप्याने विचारलं.

“तीन बोटं,” रंगारी दाजी छाती फुगवून म्हणाले. शाळेत कधी एवढं कौतुक झालं नव्हतं. गोळ्या त्यांनी महिन्यापूर्वीच सोडल्या होत्या.

तेवढ्यात त्यांची मेहुणी रांग मोडून पुढे घुसली. ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिने बाबांना बाटली दिली. बरणीत दोन बोटं फेस!

“धन्य! साखर निघाली!”

“हे नळाचं पाणी आहे, बाबा. त्याला कधीपासून होता मधुमेह?”

“पूर्वजन्मीचा असेल,” बाबा म्हणाले.

मेहुणीने बरणी रिकामी करून तिच्या तळाला बोट घासलं आणि शिंप्याच्या नाकाशी धरलं.

“भांड्यांचा साबण!” शिंपी ओरडला. गोदाम हसून लोळलं. बाबा मागच्या दाराने ध्यानाला गेले.

एकटे दाजी हसले नाहीत. “अगं, पण माझा फेस घरीही येतो. साबणाशिवाय.”

मेहुणीने त्यांना थेट लॅबमध्ये नेलं. त्यांचा नमुना नळीत उकळला, व्हिनेगरचे दोन थेंब टाकले. स्वच्छ लघवी उकडलेल्या अंड्यासारखी पांढुरकी झाली.

“दाजी, रंग गाळायचं कापड फाटलं तर?”

“गाठी खाली उतरतात.”

“मूत्रपिंडातही तशीच गाळणी असते. बारीक पेशी बोटांत बोटं अडकवून ती राखतात. साखर वर्षानुवर्षं चढती राहिली की त्या बोटं सोडतात, गळून पडतात. मग रक्तातली प्रथिनं लघवीत उतरतात. हा तुमचा फेस.”

“नव्या येतील की!”

“जवळजवळ नाहीच. उरल्यात त्या जपायच्या. साखर आवरा, रक्तदाब आवरा. अजून बरंच वाचेल.”

“मग चल डॉक्टरकडे,” दाजींनी चपला चढवल्या. “या परीक्षेत मला शून्य पाहिजे!”

मंडळी, फेस मोजू नका, प्रथिनं मोजून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी. आणि गोळी बाबांच्या सांगण्यावरून सोडू नका.

तसेच, मूत्रपिंड विभागातील गाळणी-पेशींची रिक्त पदे कायमस्वरूपी तत्त्वावर तातडीने भरण्यात यावीत, ही सक्षम प्राधिकाऱ्यास नम्र विनंती.